पक्षादेश आणि आमदाराचे मत: गोव्याच्या अनुभवातून पक्षांतरबंदी कायदा

२७ मार्च २०१९ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या दोन आमदारांनी आपला विधिमंडळ गट भारतीय जनता पक्षात विलीन करीत असल्याचे पत्र दिले. मगोचे सभागृहात तीनच आमदार होते. मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर हे दोघे गेले, सुदिन ढवळीकर मागे राहिले. तिघांचे दोन-तृतीयांश म्हणजे दोन. एवढ्या गणितावर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाची अट पूर्ण झाली आणि दोघांचीही आमदारकी शाबूत राहिली. त्यांच्यापैकी एकटाच कोणी गेला असता, अथवा पक्षातच राहून एखाद्या विधेयकावर पक्षाच्या आदेशाविरुद्ध हात वर केला असता, तर त्याला आपल्या जागेवर पाणी सोडावे लागले असते.

निवडून आलेला प्रतिनिधी पक्षाला किती बांधलेला असावा आणि स्वतःच्या बुद्धीने किती चालावा, हा संसदीय लोकशाहीतला जुना वाद आहे. एडमंड बर्कने १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांसमोर प्रतिनिधी हा निरोप्या नसून आपला विवेक वापरणारा माणूस आहे, अशी बाजू मांडली. सहा वर्षांनी त्याला ब्रिस्टलची जागा सोडावी लागली, ही गोष्ट त्याची वचने सांगताना सहसा सांगितली जात नाही. भारतात हा वाद तत्त्वचिंतनाच्या पातळीवर फार काळ राहिला नाही. इथे त्याला कायद्याचे रूप आले, आणि त्या कायद्याच्या जवळजवळ प्रत्येक कलमाची परीक्षा चाळीस आमदारांच्या गोव्यात झाली.

मूळ राज्यघटनेत राजकीय पक्ष हा शब्दच नव्हता. आमदार शपथ घेतो ती संविधानाशी निष्ठेची. कलम १९४ त्याला सभागृहात भाषणस्वातंत्र्य देते आणि तिथे दिलेल्या मताबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही, असे बजावते. पक्ष हा घटनेच्या दृष्टीने सभागृहाबाहेरचा विषय होता. ही स्थिती बदलण्याची निकड १९६७ नंतर वाटू लागली. त्या वर्षीच्या निवडणुकांनी अनेक राज्यांत काँग्रेसचे बहुमत घालवले आणि आमदारांचा बाजार भरला. हरियाणातील गया लाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग साऱ्या देशाच्या तोंडी रुळला.

या प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री यशवंतराव चव्हाण होते. १९६९ मधील तिच्या अहवालातले आकडे बोलके आहेत. १९५७ ते १९६७ या दहा वर्षांत सुमारे ५४२ पक्षांतरे झाली होती. चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या एका वर्षातच ती ४३८ झाली. पक्ष सोडणाऱ्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांच्याच पक्षांतराने उभ्या राहिलेल्या सरकारांत मंत्रिपदे मिळाली. पक्षांतराचे कारण मतभेद की मंत्रिपद, या प्रश्नाचे उत्तर या एका आकड्यात पुष्कळसे मिळते. योगायोग असा की त्याच वर्षी, ऑगस्ट १९६९ मध्ये, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी काँग्रेसच्या खासदार-आमदारांना पक्षाच्या अधिकृत उमेदवाराऐवजी अंतरात्म्याचा आवाज ऐकून मत देण्याची मुभा दिली आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. सत्तेला सोयीचा असेल तेव्हा विवेक आणि गैरसोयीचा असेल तेव्हा गद्दारी, ही दुहेरी भाषा तेव्हापासून भारतीय राजकारणात नांदते आहे.

१९७३ आणि १९७८ मधील विधेयके पूर्णत्वास गेली नाहीत. अखेर लोकसभेत चारशेहून अधिक जागा असलेल्या राजीव गांधी सरकारने जानेवारी १९८५ मध्ये ५२वी घटनादुरुस्ती संमत करून घेतली आणि दहावे परिशिष्ट १ मार्च १९८५ पासून अमलात आले. त्याची रचना थोडक्यात अशी. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या सदस्याने स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडले, तर तो अपात्र. त्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध, म्हणजे व्हीपविरुद्ध, मतदान केले किंवा मतदानाला गैरहजर राहिला आणि पक्षाने पंधरा दिवसांत त्याला क्षमा केली नाही, तरीही तो अपात्र. अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर एखाद्या पक्षात प्रवेश केला, तर तोही अपात्र. हे सारे ठरवण्याचा अधिकार सभापतींचा. मूळ कायद्यात दोन अपवाद होते: विधिमंडळ पक्षातील एक-तृतीयांश सदस्य फुटले तर ती ‘फूट’, आणि दोन-तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात गेले तर ते ‘विलीनीकरण’. दोन्ही माफ.

या रचनेतला विरोधाभास सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत मधू लिमये होते. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला परवाना, अशा आशयाची त्यांची टीका पुढे वारंवार उद्धृत झाली. गोव्याच्या वाचकांना लिमयांची ओळख वेगळ्या कारणाने आहे. १९५५ च्या सत्याग्रहात त्यांना पोर्तुगिजांनी पकडले, लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि सुमारे एकोणीस महिने ते इथल्या तुरुंगात होते. त्यांनी दाखवलेला दोष सर्वांत ठळकपणे याच भूमीत प्रत्ययास यावा, हा इतिहासाचा एक खोडसाळपणा म्हणावा लागेल.

तो प्रत्यय यायला पाच वर्षे पुरली. घटक राज्य झाल्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत, नोव्हेंबर १९८९ मध्ये, चाळीसपैकी काँग्रेसला वीस, मगोला अठरा आणि अपक्षांना दोन जागा मिळाल्या. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. चार महिन्यांत, मार्च १९९० मध्ये, काँग्रेसचे सात आमदार बाहेर पडले. विसांचा एक-तृतीयांश भाग सातच्या थोडा अलीकडे येतो. म्हणजे फूट कायदेशीर ठरण्यासाठी लागणारी किमान संख्या नेमकी सात होती. या सातांत खुद्द सभापती डॉ. लुईस प्रोतो बार्बोझा होते. पक्षांतराचा न्यायनिवाडा ज्यांच्याकडे, तेच पक्षांतर करणाऱ्यांत. मगोच्या पाठिंब्याने चर्चिल आलेमाव २७ मार्चला मुख्यमंत्री झाले आणि अठरा दिवसांनी, १४ एप्रिलला, त्यांच्या जागी बार्बोझा स्वतः आले. डिसेंबरमध्ये हेही सरकार गडगडले, राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि २५ जानेवारी १९९१ रोजी मगोतून बाहेर पडलेले रवी नाईक काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले.

या दहा महिन्यांच्या धामधुमीतून जे खटले उभे राहिले, ते आजही देशभर पक्षांतराच्या प्रत्येक वादात आधाराला घेतले जातात. मगोचे संजय बांदेकर आणि रत्नाकर चोपडेकर हे १० डिसेंबर १९९० रोजी डॉ. बार्बोझा आणि डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांच्यासह राज्यपालांना भेटले होते. त्यांनी मगोचा राजीनामा दिलेला नव्हता, सभागृहात पक्षाविरुद्ध मतही दिलेले नव्हते. तरीही तीनच दिवसांत सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी त्यांना अपात्र ठरवले. वृत्तपत्रांत छापून आलेल्या छायाचित्रांचाही त्यासाठी आधार घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या रवी नाईक खटल्यात ही अपात्रता कायम केली आणि एक महत्त्वाचे सूत्र घालून दिले: ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे’ याचा अर्थ राजीनामा देण्यापुरता मर्यादित नाही, सदस्याच्या वर्तनावरूनही ते अनुमानता येते.

वरवर पाहता हे सूत्र रास्त वाटते. राजीनामा न देता पक्ष पोखरणाऱ्याला कायद्याच्या शब्दामागे दडता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पण त्याची दुसरी धार तितकीच तीक्ष्ण आहे. वर्तनावरून निष्ठा मोजायची ठरली की, सरकारवर जाहीर टीका करणे, विरोधी नेत्याबरोबर एखाद्या व्यासपीठावर बसणे, ग्रामसभेच्या ठरावाला पाठिंबा देणे यांतले काय पक्षत्याग आणि काय केवळ मतभेद, हे ठरवणारा सभापती असतो. आणि सभापती हा निवडून आलेला पक्षाचाच माणूस असतो. १९९१ मध्ये गोव्याने याचेही दर्शन घडवले. मुख्यमंत्री झाल्यावर तीन आठवड्यांत रवी नाईक यांना सभापती सिरसाट यांनी अपात्र ठरवले. मार्चमध्ये सिरसाट यांना पदावरून दूर करण्यात आले, आणि सभापतींचे काम पाहणाऱ्या उपसभापतींनी तो आदेश काही दिवसांतच मागे घेतला. एकाच आसनाने एकाच प्रकरणात महिन्याभरात दोन विरुद्ध निकाल दिले. बदलली होती ती फक्त आसनावरची व्यक्ती. पुढे डॉ. काशिनाथ जल्मी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केले की सभापतींना आपल्याच निर्णयाचे पुनर्विलोकन करण्याचा अधिकार नाही. रवी नाईक यांची अपात्रता सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये रद्द केली, पण तोवर त्यांचे मुख्यमंत्रिपद जाऊन नऊ महिने झाले होते.

या दरम्यान १९९२ मध्ये किहोतो होलोहान खटल्यात दहाव्या परिशिष्टाच्या वैधतेचाच निकाल लागला. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी कायदा उचलून धरला, मात्र सभापतींचा निर्णय न्यायालयीन तपासणीस पात्र असल्याचे सांगितले. उरलेल्या दोघांचे म्हणणे असे होते की, बहुमताच्या मर्जीवर ज्याचे पद अवलंबून आहे त्या सभापतींना या प्रकरणांत निःपक्ष न्यायाधीश मानता येत नाही. अल्पमतातला हा निकाल कायदा झाला नाही, पण त्यानंतरच्या तीस वर्षांतील घटनांनी त्याचीच बाजू पुन:पुन्हा सिद्ध केली आहे. याच निकालात बहुमताच्या न्यायमूर्तींनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिच्याकडे मात्र कोणत्याच पक्षाने लक्ष दिले नाही. आमदारकी घालवू शकणारा पक्षादेश विश्वासदर्शक वा अविश्वास ठरावापुरता, किंवा ज्या धोरणावर पक्षाने मतदारांचा कौल घेतला त्या धोरणापुरता मर्यादित असावा, असे त्यांनी सुचवले होते. व्यवहारात पक्षादेश हवा तेव्हा आणि हव्या त्या विषयावर निघतो.

प्रश्न केवळ पक्षांतराचा असता तर कायद्यातील पळवाटा बुजवून तो सुटला असता. खरे नुकसान होते ते पक्षातच राहू इच्छिणाऱ्या, पण एखाद्या विषयावर वेगळे मत असलेल्या आमदाराचे. समजा, सत्ताधारी पक्षाच्या आमदाराच्या मतदारसंघातील गावे नगर आणि ग्रामनियोजन कायद्यातील एखाद्या दुरुस्तीविरुद्ध पेटली आहेत. २०२३ मध्ये आलेले १७(२) आणि २०२४ मध्ये आलेले ३९ए ही जमिनीच्या वापरात बदल सुकर करणारी कलमे गोव्यात अशीच वादग्रस्त ठरली. शेत, डोंगर, ओहोळ यांच्याशी थेट निगडित अशा कायद्यावर त्या आमदाराला गावात एक बोलावे लागते आणि पर्वरीत पक्षादेश निघाला की दुसरेच करावे लागते. विरोधात मत दिले तर जागा जाण्याची भीती. गैरहजर राहिला तरी तीच. पक्षाने हाकलून दिले तरी सुटका नाही, कारण १९९६ च्या जी. विश्वनाथन खटल्यातील निकालानुसार हकालपट्टी झालेला सदस्यही या कायद्यापुरता मूळ पक्षाचाच मानला जातो. मग तो काय करतो? सभागृहात गप्प बसतो, आणि मतदारसंघात ‘मी वर बोललो आहे’ असे सांगतो.

गोव्यासारख्या लहान विधानसभेत या गप्प बसण्याला आणखी एक कारण आहे. ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली, पण लहान राज्यांसाठी किमान बारा मंत्र्यांची तरतूद ठेवली. चाळीसच्या सभागृहात बहुमताला एकवीस लागतात. त्यांतले बारा मंत्री, एक सभापती, एक उपसभापती. उरलेल्यांपैकी अनेकांकडे कुठल्या ना कुठल्या महामंडळाचे अध्यक्षपद. ब्रिटनच्या संसदेत सरकारला धारेवर धरणारे जे मागच्या बाकांवरचे सत्ताधारी सदस्य असतात, तसा वर्गच इथे जवळजवळ शिल्लक राहत नाही. ज्याच्याकडे पद आहे तो बोलू शकत नाही. ज्याच्याकडे नाही तो पुढच्या फेरबदलाची वाट पाहतो.

एक-तृतीयांश फुटीची सवलत गेली ती याच २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने. गोव्यात १९९८ व १९९९ मध्ये काँग्रेसमध्ये पडलेल्या फुटींतून अनुक्रमे डॉ. विल्फ्रेड डिसोझा आणि फ्रान्सिस सार्दिन यांची सरकारे आली होती. तशा गोष्टींना आता आळा बसेल, अशी अपेक्षा होती. राहिला तो दोन-तृतीयांश विलीनीकरणाचा अपवाद, आणि तो वापरण्याची कला गोव्याने पूर्णत्वाला नेली. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. त्यांचे नेतृत्व केले ते विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर यांनी. पंधराचे दोन-तृतीयांश म्हणजे दहाच. तीन दिवसांनी, १३ जुलैला, कवळेकर उपमुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याबरोबर आलेले फिलिप नेरी रॉड्रिग्ज व जेनिफर मोन्सेरात मंत्री झाले. चव्हाण समितीने नोंदवलेले ११६ चे गणित पन्नास वर्षांनीही जुने झालेले नव्हते. फरक एवढाच की आता ते कायद्याच्या चौकटीत बसत होते.

या दहाजणांविरुद्धच्या याचिका सभापती राजेश पाटणेकर यांनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय २४ फेब्रुवारी २०२२ रोजी कायम केला. मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात प्रत्यक्ष विलीन झाला की नाही हे पाहण्याची गरज नाही. विधिमंडळ पक्षाच्या दोन-तृतीयांश सदस्यांनी मान्यता दिली की विलीनीकरण झाले असे मानायचे, असा या निकालाचा रोख होता. अर्थ सरळ आहे. दिल्लीत काँग्रेस जागच्या जागी असते, गोव्यात तिचे जिल्हा व गट कार्यालय उघडे असते, पण पर्वरीतील दहा जणांच्या सहीने तो पक्ष ‘विलीन’ झालेला असतो. निकालाची तारीखही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या विधानसभेसाठी मतदान १४ फेब्रुवारीला होऊन गेले होते. ज्या आमदारकीचा वाद होता, तिची मुदत संपत आली होती.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसने कायद्याऐवजी दैवताचा आधार घेतला. जानेवारी २०२२ मध्ये पक्षाच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन निष्ठेची शपथ देण्यात आली. त्यांतले अकरा निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ रोजी अकरापैकी आठ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन-तृतीयांश सातच्या पुढे सरकतात, म्हणून आठ. शपथेचे काय, असे विचारल्यावर दिगंबर कामत यांनी पत्रकारांना सांगितले की त्यांनी पुन्हा देवळात जाऊन देवाला विचारले आणि देवाने योग्य वाटेल ते करण्यास सांगितले. या आठांपैकी आलेक्स सिक्वेरा नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कामत ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्री झाले. शपथेची कल्पना मांडणाऱ्यांच्या भाबडेपणाला हसण्याआधी, घटनात्मक तरतुदीवरचा विश्वास किती उडाला असेल तर एक राष्ट्रीय पक्ष आपल्या उमेदवारांना देवळात, खुरसाकडे आणि दर्ग्यात फिरवतो, याचा विचार करायला हवा.

मतदार या सगळ्याकडे कसे पाहतात? २०१९ मध्ये पक्ष बदललेल्या काँग्रेसच्या दहा आणि मगोच्या दोन अशा बाराजणांपैकी २०२२ च्या निवडणुकीत तिघेच विजयी झाले: बाबूश आणि जेनिफर मोन्सेरात, तसेच नीळकंठ हळर्णकर. कवळेकर केप्यात पडले, आजगावकर मडगावात, पाऊसकर अपक्ष म्हणून सावर्ड्यात. सांत आंद्रेत फ्रान्सिस सिल्वेरा यांचा रिव्होल्युशनरी गोवन्सच्या वीरेश बोरकर यांनी ७६ मतांनी पराभव केला. म्हणजे मतदार शिक्षा देतोच. पण ती पाच वर्षांनी एकदा, आणि तोवर ज्या सरकारला त्या मतांचा आधार होता ते आपली मुदत पूर्ण करून गेलेले असते. शिवाय शिक्षा पुढच्या पक्षांतराला रोखत नाही. जे सप्टेंबर २०२२ मध्ये गेले, त्यांच्यासमोर सहा महिन्यांपूर्वीचे हे निकाल होतेच.

पक्षांतर करणाऱ्यांचे समर्थनही ऐकून घेतले पाहिजे, कारण ते संपूर्ण खोटे नाही. गोव्यातला मतदारसंघ सरासरी तीस हजारांच्या आत-बाहेर मतदारांचा. आमदाराला लोक नावाने ओळखतात, त्याच्या घरी सकाळपासून रांग असते. नोकरी, रस्ता, पाण्याची जोडणी, पंचायतीचे काम हे त्याच्याकडून अपेक्षिले जाते. विरोधी बाकावर बसलेल्या आमदाराची ही कामे अडतात, असा अनुभव सर्वपक्षीय सरकारांच्या काळात आला आहे. ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ हे पक्षांतराचे नित्याचे कारण या अडवणुकीवर उभे असते. ते खरे मानले तर मात्र दोष आमदाराबरोबरच त्या सरकारकडेही जातो, जे सार्वजनिक पैशाचा उपयोग विरोधकांना कोंडीत पकडण्यासाठी करते.

एक प्रामाणिक मार्ग कायद्याने बंद केलेला नाही, तो म्हणजे राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाणे. गोव्यात तो अनेकांनी चोखाळला, पण सर्वांना एका मापाने मोजता येत नाही. जानेवारी २००५ मध्ये भाजपच्या चार आमदारांनी राजीनामे दिले आणि मनोहर पर्रीकर यांचे सरकार संकटात सापडले. मार्च २०१७ मध्ये काँग्रेसच्या चिन्हावर नुकतेच निवडून आलेले विश्वजित राणे विश्वासदर्शक ठरावाच्याच दिवशी आमदारकी सोडून बाहेर पडले, भाजपमध्ये गेले आणि वाळपईची पोटनिवडणूक जिंकून आले. कायद्याच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही, पण निवडणुकीच्या खर्चाचा आणि मतदाराने नुकत्याच दिलेल्या कौलाचा हिशेब कोणी मागितला नाही. याच्या दुसऱ्या टोकाला कुठ्ठाळीच्या एलिना साल्ढाणा आहेत. भाजपच्या आमदार असताना त्यांनी आपल्याच पक्षाच्या काही धोरणांवर जाहीर नापसंती दर्शवली, डिसेंबर २०२१ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन आम आदमी पक्षात प्रवेश केला आणि २०२२ मध्ये त्या पराभूत झाल्या. मतभेद बाळगणाऱ्याला एवढी किंमत मोजावी लागते आणि गटाने जाणाऱ्याला काहीच नाही, या विषमतेवर कुणी फार बोलत नाही.

गोव्याच्या मतदाराने स्वतः मात्र पक्ष आणि प्रश्न वेगळे ठेवण्याची जाण फार पूर्वी दाखवली होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. मगोचा सर्वांत मोठा मुद्दा त्यात हरला. अवघ्या अडीच महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी मगोलाच पुन्हा सत्तेवर बसवले. एका प्रश्नावर पक्षाशी असहमत असूनही त्या पक्षाचे राहता येते, हे ज्या मतदाराला साधले, ते त्याच्या प्रतिनिधीला आज सभागृहात करता येत नाही.

उपाय सुचवणाऱ्या समित्या कमी झाल्या नाहीत. १९९० च्या दिनेश गोस्वामी समितीने अपात्रतेचा संबंध सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरता ठेवावा आणि निर्णय राष्ट्रपती अथवा राज्यपालांनी निवडणूक आयोगाच्या सल्ल्याने घ्यावा, असे म्हटले. विधी आयोगाने १९९९ च्या १७०व्या अहवालात फूट आणि विलीनीकरण हे दोन्ही अपवाद काढून टाकण्याची शिफारस केली. सरकारने त्यातले पहिलेच स्वीकारले. न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये पक्षांतर करणाऱ्याला उरलेल्या मुदतीत कोणतेही सत्तापद मिळू नये आणि सरकार पाडण्यासाठी त्याने दिलेले मत ग्राह्य धरू नये, असे सुचवले. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभापतींनी साधारणपणे तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे सांगून, हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपवण्याचा विचार संसदेने करावा अशी सूचना केली. महाराष्ट्रातील शिवसेनेच्या प्रकरणात मे २०२३ मध्ये पक्षप्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असा निर्णय झाला. विधिमंडळ गट आणि मूळ पक्ष यांच्यातला हा भेद विलीनीकरणालाही लावला, तर गोव्यात २०१९ आणि २०२२ मध्ये जे घडले त्याचा पाया डळमळतो.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांना पक्षाने बाहेर काढले. त्यांत माजी अर्थमंत्रीही होते. पण त्यांच्या जागा कुणी काढून घेतल्या नाहीत. ते खासदार म्हणून बसून राहिले आणि त्यांतील दहाजणांना पुढे पक्षाने परतही घेतले. पक्षाची शिक्षा पक्षापुरती, जागा मतदारांची, हा तिथला संकेत. आपल्याकडे तो जसाच्या तसा आणणे धोक्याचे आहे, कारण १९६७ ची आठवण अजून पुसलेली नाही आणि गोव्यातला घोडेबाजार तर कालपरवाचा आहे. मात्र विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प वगळता इतर मतदानात पक्षादेशाचे शस्त्र काढून घेणे आणि दोन-तृतीयांशाची सवलत रद्द करणे, या दोन गोष्टी एकत्र केल्या तर सरकार पाडणे कठीण होईल आणि एखाद्या विधेयकाला विरोध करणे सोपे. जमिनीच्या रूपांतराचे पुढचे विधेयक पर्वरीत येईल तेव्हा त्यावर किती सत्ताधारी आमदार बोलतात, हे त्या दुरुस्तीवरच अवलंबून राहील.